थाळीएवढ्या काचेवरची फुंकर

काचेबाहेर

ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीला जाड लाकडी दार होतं आणि दारात, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, थाळीएवढी गोल काच. त्या काचेपुढे वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि एकाचीही खोकायची हिंमत होत नव्हती. व्हरांड्यात थंडी अशी की बाकावर बसलेला माणूस लगेच उठत होता. सगळ्यात पुढे बेकरीवाला. अंगावरचं पीठही झटकायचं राहून गेलं होतं. बायकोला आत नेऊन पाऊण तास झाला होता.

"आणलं! बाळ आणलं!"

आतल्या टेबलावर हिरव्या कापडातलं गाठोडं ठेवलं गेलं. निळसर होतं. हलत नव्हतं. रडत नव्हतं.

"सरका," फुंकरमाई म्हणाली.

माणसं सरकली. माई पुढे झाली. पन्नाशीची, अंगावर राखाडी शाल, पायात पुरुषी बूट, खांद्याला कापडी पिशवी. तिनं काचेवर दोन्ही तळवे टेकले.

"श्वास कुणाचा? बाळाचा? नाही! आईचा? नाही! श्वास उसना असतो, बाबांनो. देणारा वर बसलाय, मी नुसती नळी आहे नळी! डोळे मिटा. कुणी डोकावून पाहिलं तर श्वास लाजतो आणि आल्या पावली परत जातो. हाऽऽऽ!"

पहिली फुंकर. काच पांढरी झाली.

"हाऽऽऽ!" दुसरी.

माई थांबली. पुटपुटली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"हाऽऽऽ!" तिसरी, लांबलचक.

आणि दारापलीकडे मूल रडलं. काच हळूहळू स्वच्छ झाली तेव्हा टेबलावर गुलाबी, लालबुंद तोंडाचं पोर मुठी आवळून बोंबलत होतं. बेकरीवाला मटकन खाली बसला. माईच्या पिशवीत काय काय पडलं. गर्दीतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "डोळ्यांनी पाहिलं, बायांनो. या डोळ्यांनी पाहिलं!"

काचेआत, तीच दोन मिनिटं

शून्य सेकंद. गाठोडं बाळसिस्टरच्या हातात येतं. दवाखान्यात तिला सगळे बाळसिस्टरच म्हणतात, कारण जन्मलेलं मूल पहिल्यांदा तिच्या हातात येतं आणि बहुतेक वेळा तेवढंच तिचं काम असतं.

पाच सेकंद. ओलं कापड दूर. कोरडा गरम टॉवेल. पाठ चोळायची, तळवे चोळायचे.

तीस. श्वास नाही. मान किंचित मागे. नाकातोंडावर मास्क, हातात रबरी फुगा. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. छाती उचलते आहे का? उचलते आहे.

सत्तर. छातीला नळी लावून ठोके. शंभराच्या वर. छान.

काच पांढरी झालेली तिला दिसली नाही. काचेकडे बघायला डोळे शिल्लक नव्हते.

शंभर. गालावर रंग. नाक मुरडलं. एकशे दहा. रडलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई थिएटरच्या दारातून डोकावल्या. "उठला का तुझा पाहुणा? आई पूर्ण झोपेत होती ना, म्हणून हाही पेंगत आला. नाळेतून थोडं औषध जातंच."

"उठला. आता सगळं घर उठवेल."

बाहेर एकच गलका झाला. बाळसिस्टर मनात म्हणाली, किती गुणी माणसं. परक्याचं पोर रडलं तरी एवढा आनंद.

घर, त्याच संध्याकाळी

गर्दीतली ती म्हातारी बाळसिस्टरची आई होती. गुडघ्याचं औषध आणायला दवाखान्यात जायची आणि माईच्या गर्दीत तासन्तास उभी राहायची. आता भाजी चिरायला बसलेल्या लेकीला ती सगळं साग्रसंगीत सांगत होती. बाजूला भावजय पाय लांब करून बसली होती. नववा महिना, मूल पोटात आडवं, ऑपरेशनची तारीख आठवड्यावर.

"काय पाहिलंस तू नक्की?" बाळसिस्टरनं विचारलं.

"काच पांढरी झाली."

"मग?"

"मग मूल रडलं."

"आणि मधे?"

"मधे काय दिसणार? काच पांढरी झालेली!"

"आत कोण होतं, आई?"

"असेल कुणीतरी. नर्सबिर्स."

बाळसिस्टरनं सुरी खाली ठेवली. वीस वर्षं ही बाई आपल्या लेकीला सकाळी पोळी बांधून देत होती. लेक दिवसभर करते काय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि लेकीनंही कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणून सांगते," आई भावजयीकडे वळली, "पाठीत भुलीची सुई घ्यायची नाही. माई म्हणतात, कणा टोचला की बाळाच्या श्वासाची दोरी तुटते. पूर्ण झोप मागायची. मग माई बघतील."

"पाठीत सुई घेतलेल्यांच्या बाळांना माई फुंकर घालतात का?" बाळसिस्टर म्हणाली.

"ती माईंकडे येतच नाहीत."

"का येत नाहीत?"

"त्यांचं नशीब फुटकं."

"अगं, ती टेबलावरच बोंबलतात! त्यांना कसली फुंकर घालणार?"

"तू शिकलेली आहेस," आई म्हणाली. हा तिचा वाद संपवायचा ठरलेला मार्ग होता.

भावजय दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिचं मत कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाळसिस्टरनं थिएटरची वही काढली. वर्षापूर्वी दहा सिझेरियनमागे एखादीच बाई पूर्ण भूल घ्यायची. रक्त फार जात असेल, वेळच नसेल, पाठीत सुई देता येत नसेल, तेव्हा. आता दहात चार. मधल्या काळात दवाखान्यात नवीन काहीच आलं नव्हतं. व्हरांड्यात फुंकरमाई आली होती, एवढंच.

"मला वाटलं, लोक सुईला घाबरतात," डॉक्टरीणबाई वही बघत म्हणाल्या. "म्हणजे ही बाई आधी माझ्याकडून बाळं पेंगवून घेते आणि मग स्वतः उठवते?"

"उठवते मी," बाळसिस्टर म्हणाली. "ती फक्त काच धूसर करते."

फॉर्म

ऑपरेशनच्या तारखेला चार दिवस होते. मूल थांबायला तयार नव्हतं. सकाळी नऊ वाजता भावजयीला कळा सुरू झाल्या आणि साडेनऊला ती थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात स्ट्रेचरवर होती. उशाशी आई. पायाशी भाऊ, हातातली फाइल छातीशी धरून, जणू तीच जन्माला येणार आहे. दोन हातांवर गर्दी. गर्दीच्या मधोमध माई.

कागदावर छापलेलं होतं:

मला ____________ प्रकारची भूल देण्यास माझी संमती आहे.

एवढीशी रिकामी जागा. पण त्या जागेसाठी पाच माणसं एकदम बोलत होती.

आई: "पूर्ण झोप लिहा."

डॉक्टरीणबाई: "सकाळपासून काही खाल्लंय?"

भाऊ: "नाही."

भावजय: "दूध. वाटीभर."

आई: "माईंनी मंतरून दिलेलं. आठ वाजता."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "मग तर पूर्ण झोप नकोच. मूल आडवं आहे, कळा चालू आहेत, दूध जिरायची वाट बघत बसता येणार नाही. भरल्या पोटी झोपवलं आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. दुसरा रस्ता नसता तर काळजी घेऊन तोही धोका पत्करला असता. दुसरा रस्ता आहे."

माई: "सुई! ऐकलंत? सुईशिवाय यांना काही सुचत नाही. दोरी तुटली की मग मला हाक मारू नका. तुटलेल्या दोरीला मी गाठ मारत नाही!"

गर्दी कुजबुजली. भावजयीला कळ आली. तिनं बाळसिस्टरचं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला.

"ताई, त्याचा श्वास गेला तर?"

"नाही जाणार."

"तुम्ही म्हणणारच. तुम्ही त्यांच्यातल्या." डोळ्यांतून पाणी. "सगळ्यांनी पाहिलंय, ताई. सगळ्यांनी."

"थिएटर लावायला पंधरा मिनिटं," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढ्यात तिनं ठरवायला हवं. तिला न पटता मी सुई हातात घेणार नाही. आणि उशीर झाला, नाळ बाळाच्या आधी खाली घसरली, तर घाईत पूर्ण झोपच द्यावी लागेल, मग निवड कुणाच्याच हातात राहणार नाही."

पंधरा मिनिटं. समजावून सांगायला ती कमी होती. बाळसिस्टर आतल्या खोलीत गेली.

पंधरातली पाच मिनिटं

कपाटात वरच्या फळीवर बाहुला होता. नव्या नर्सना शिकवण्यासाठीचा. रबरी, खऱ्या बाळाच्या वजनाचा, पोटातून निघालेल्या नळीला लिंबाएवढा फुगा. मास्क लावून हवा दिली की छाती उचलते. फुगा दाबला की रडतो.

तिनं तो हिरव्या कापडात गुंडाळला, टेबलावर ठेवला आणि दार बोटभर उघडलं.

"माई, आत एक आणलंय. श्वास नाही त्याला."

दोन्ही वाक्यं खरी होती. पण हे फसलं तर भावजय कायमची माईच्या बाजूला जाणार होती.

दार लागलं. काचेत माईचा चेहरा आला, वर्तुळात मावणार नाही इतका जवळ.

"श्वास कुणाचा? बाळाचा? नाही!" लाकडातून आवाज दबका येत होता. "डोळे मिटा! हाऽऽऽ!"

काच पांढरी झाली. वीस वर्षांत बाळसिस्टरनं पहिल्यांदा ती आतून पाहिली. तोंड गेलं, डोळे गेले, गर्दी गेली. उरला एक धुरकट गोळा. बाहेरून आत काय दिसत असेल ते तिला आता कळलं: हेच. आपले हात नाहीत.

दुसरी. थोडा वेळ. तिसरी, लांबलचक.

तिनं लिंबाएवढा फुगा दाबला.

ट्यांहा! ट्यांहा!

बाहेर गलका. त्यावर माईचा खडा आवाज: "मुलगा आहे! भाग्यवान आहे! कपाळावरचं तेज बघा, काचेतून बाहेर येतंय!"

बाळसिस्टरनं दार सताड उघडलं. एका पायाला धरून लोंबकळणारा बाहुला तिच्या हातात होता.

आवाज थांबला.

बायकोला घरी न्यायला आलेला बेकरीवाला पहिल्यांदा हलला. त्यानं बाहुल्याचं पोट कणीक बघावी तसं बोटानं दाबलं.

"रबर आहे," तो म्हणाला. मग माईकडे वळून, "माई, हा लग्नाला कधी येईल?"

एक जण फस्सकन हसला. माई डगमगली नाही. तिनं शाल सावरली. "बघा, बघा! रबरातसुद्धा जीव ओतला मी! याहून मोठा पुरावा..."

"मग परत ओता," बाळसिस्टर म्हणाली. तिनं बाहुला बाकावर ठेवला आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. "इथे. उजेडात. काच नाही, डोळे मिटायचे नाहीत."

माईनं फुंकर घातली. नाइलाज होता, पंचवीस जोडी डोळे उघडे होते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिला खोकला आला. बाहुला छताकडे बघत पडून राहिला.

बाळसिस्टरनं वाकून फुगा दाबला. ट्यांहा!

"फुंकर इथं आहे," ती म्हणाली. मग बेकरीवाल्याला, "तुमचा मुलगा एक मिनिट पन्नास सेकंदांनी रडला. तोवर मी त्याची पाठ चोळत होते आणि फुग्यानं हवा देत होते. काच पांढरी होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. तो आजारी नव्हता. आईला दिलेलं झोपेचं औषध नाळेतून त्याच्यापर्यंत गेलं होतं. अशी सगळीच बाळं पेंगत नाहीत, पण बरीच पेंगतात. थोडी मदत मिळाली की बहुतेक काही मिनिटांत जागी होतात. फुंकर घाला, गाणं म्हणा, नाहीतर बाकावर बसून राहा."

"पण पूर्ण झोप आम्ही का मागितली?" बेकरीवाला स्वतःशीच बोलला आणि स्वतःच उत्तर दिलं. "माईंनी सांगितलं म्हणून."



"मला बसवा," स्ट्रेचरवरून आवाज आला.

भावजय कोपरावर रेलली होती. "डॉक्टर, सुईनं बाळाला काय होतं?"

"बाळापर्यंत औषध जवळजवळ पोचतच नाही. तुझं कंबरेखालचं बधिर होईल, तू जागी राहशील. तुझा रक्तदाब एकदम उतरू शकतो. तो फार वेळ उतरलेला राहिला तर बाळाला त्रास होतो, म्हणून मी उशाशी बसून दर मिनिटाला बघते. नंतर एखादीचं डोकं दुखतं. यात काहीच धोका नाही असं मी म्हणणार नाही. आज तुझ्यासाठी यात कमी आहे, एवढं नक्की."

"आणि पूर्ण झोप म्हणजे वाईटच?"

"मुळीच नाही. वेळ पडली तर तीच जीव वाचवते. गरज नसताना मागायची वस्तू नाही, इतकंच."

आई मधे पडली. "आणि उलटं झालं तर? कोण जबाबदार?"

"आई," भावजय म्हणाली, "मला कुणी विचारलं का, मला काय हवंय?" तिनं नवऱ्याच्या हातातून पेन ओढून घेतलं. मधेच कळ आली, अक्षर वाकडं झालं, पण रिकामी जागा भरली.

दारातून आत जाताना आईनं लेकीचा पदर धरला. "पोरी..."

"मी आत आहे," बाळसिस्टर म्हणाली आणि पदर सोडवून घेतला.

आत

पाठ वाकवून बसलेली भावजय. "हलू नकोस. मांजरासारखी पाठ कर." सुई. "पाय गरम लागतायत." "लागू देत." आडवं केलं. पडदा.

"ताई, मळमळतंय. डोळ्यांपुढे..."

यंत्राची टिकटिक बदलली.

"दाब उतरतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात आधीच नळीवर होता. "कूस थोडी डावीकडे. औषध दिलंय. माझ्याकडे बघ. श्वास घे."

बाळसिस्टर गरम टॉवेल हातात घेऊन उभी. पाऊलभर अंतरावर, आणि करता येण्यासारखं काही नाही. डोक्यात आईचा आवाज: उलटं झालं तर? ऐंशी. ऐंशी. आकडा हलेना. तिला वाटलं, मी खात्रीनं बोलले. फार खात्रीनं.

ब्याण्णव.

एकशे चार.

"दाब आला जाग्यावर," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "करा सुरू."

मग थोडा वेळ फक्त हत्यारांचा आवाज. आडवं मूल सापडायला जरा वेळ लागतो. पाय सापडला. दुसरा सापडला. धड. खांदे. डोकं...

आणि नाळ कापायच्या आधीच, सर्जनच्या हातात उलटी लोंबकळत, ती रडली. साधंसुधं नाही. भांडण करावं तसं.

बाळसिस्टरनं तिला पुसलं. फुगा आणि मास्क बाजूला तयार होते. त्यांना हात लावावा लागला नाही. तिनं टॉवेलातली भाची भावजयीच्या गालाला नेऊन टेकवली, आणि भावजय, पूर्ण जागी, म्हणाली, "अगं बाई, किती ओरडतेस."

व्हरांडा

बाहेर गर्दी पांगली होती. माई बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. बाळसिस्टर समोर उभी राहिली तेव्हा तिनं मान वर केली नाही.

"मिनिटं बोटांवर मोजता तुम्ही," बाळसिस्टर म्हणाली. "तिसरी फुंकर कधी घालायची ते बरोबर ठाऊक असतं. कुठे शिकलात?"

"बारा वर्षं आया होते. दुसऱ्या दवाखान्यात." नाडी सुटली, माईनं परत बांधली. "पुसायची मी, चोळायची मी. वर कुणी बघितलंसुद्धा नाही कधी. बाहेर येऊन नुसती काचेवर फुंकर मारली, तर लोक पायावर लोळायला लागले. तू सांग, मी काय करायचं होतं?"

बाळसिस्टर म्हणाली, "ते वाटीभर दूध द्यायचं नव्हतं. भरलं पोट म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत होतं."

माईनं पिशवी उचलली. व्हरांड्याच्या टोकाला वळेपर्यंत तिच्या बुटांचा आवाज येत राहिला.

आई मात्र तिथंच होती, भिंतीला टेकून. तिला रडणं ऐकू गेलं होतं. दारापर्यंतची वाट मोकळी होती, तरी ती गेली नव्हती.

"बेकरीवाल्याचं पोरगं," ती म्हणाली, "आणि त्याआधीचं? ते जुळं? आणि शिंपिणीची मुलगी?"

"हो."

"सगळी तूच?"

"मी किंवा दुसरी एखादी सिस्टर. कामच आहे ते, आई."

म्हातारी लेकीच्या हातांकडे बघत राहिली. "आणि मी तिच्या पाया पडले," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात जिन्यातून एक अनोळखी बाई धापा टाकत वर आली. मागे स्ट्रेचर, स्ट्रेचरवर सून. "अहो, त्या फुंकर घालणाऱ्या माई कुठे बसतात?"

आई पदर खोचून पुढे झाली. तिचे शब्द स्वच्छ होते.

"माई नाही इथे. आधी डॉक्टरांना विचारा, हिला कुठली भूल देणार, आणि तीच का. त्या भुलीनं आईला काय होईल, बाळाला काय होईल, विचारा. बाळ पेंगत आलं तर त्याच्याजवळ कोण असेल, नाव विचारा त्याचं. कळलं नाही तर परत विचारा. चिडले तरी विचारा." मग स्ट्रेचरवरच्या सुनेकडे वळून, "आणि सगळ्यात आधी, बाई, तू विचार. अंग तुझं आहे."